कुटुंबाचें छायाचित्र आणि चाकांची खुर्ची

या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठीं धर्मग्रामांतील जुनीं छायाचित्रें गोळा करण्याचें काम आम्हांकडे आलें, तेव्हां तें आम्हांस अगदीं सोपें वाटलें होतें. घरोघर जावें, पेट्या व कपाटें उघडवावीं, भिंतीवरच्या चौकटी उतरवून त्यांवरील धूळ पुसावी, आणि जें चांगलें असेल तें मागून आणावें, एवढेंच तें काम. लोकांनींहि मोकळ्या मनानें आम्हांस सर्व कांहीं दाखविलें. लग्नाचीं, बाप्तिस्म्याचीं, पहिल्या कम्युनियनचीं, नव्या घराच्या आशीर्वादाचीं, परदेशीं जाणाऱ्या मुलाच्या निरोपाचीं, अशीं शेंकडों चित्रें आमच्या डोळ्यांखालून गेलीं. त्यांतील बहुतेक देवळाच्या पायऱ्यांवर घेतलेलीं. पुढें लहान मुलें, मध्यें वधूवर, आणि मागें एकेका पायरीवर एकेक पिढी, अशी ती सर्वांच्या ओळखीची मांडणी.

पाहतां पाहतां एका घरीं आम्हीं सहज विचारलें, "यांत तुमची आजी कोठें दिसत नाहीं?" घरच्या बाईंनीं सांगितलें, "आजी होती कीं त्या दिवशीं. पण तिला पायऱ्या चढवेनात, म्हणून ती खालीं रिक्षांतच बसून राहिली." दुसऱ्या घरीं हाच प्रश्न एका काकांविषयीं निघाला, लहानपणीं पोलिओनें त्यांचा एक पाय लुळा झाला होता. तिसऱ्या घरीं वडील पक्षाघातानें खाटेवर होते; नाताळच्या दिवशीं मुलांनीं नवे कपडे घालून अंगणांत फोटो काढविला, आणि खाट आंतच राहिली. यांत कोणाच्याहि मनांत दुष्टावा नव्हता. सर्वांचें त्या माणसांवर प्रेमच होतें. परंतु पन्नास वर्षांनीं तें चित्र हातीं घेणाऱ्या नातवास तें प्रेम कसें दिसावें? त्यास तेथें रिकामी जागासुद्धां दिसत नाहीं. कारण बाकीचीं माणसें सरकून उभीं राहिलेलीं असतात.

हें असें कां होत आलें, या विचारानें आम्हीं छायाचित्रकलेचा जुना इतिहास थोडा चाळला. जें आढळलें तें वाचकांपुढें ठेवतों, आणि त्याचें तात्पर्य आरंभींच सांगून टाकतों. छायाचित्रांत आधार पहिल्या दिवसापासून सर्वांनाच लागत आला आहे. मात्र धडधाकट माणसांचा आधार लपवितां येई, म्हणून तो लपविला गेला. आणि ज्यांचा आधार लपवितां येत नव्हता, त्या माणसांनाच चित्राबाहेर ठेवण्याची संवय जगास लागली.

फ्रान्स देशांत दागेर यानें शोधून काढलेली छायाचित्राची रीति इ. स. १८३९ सालीं जगापुढें आली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देऊन, त्यावर औषधांची क्रिया करून, तो पत्रा कॅमेऱ्यांत ठेवीत. प्रथम प्रथम चित्र उमटण्यास कित्येक मिनिटें लागत. एवढा वेळ पापणीहि न हलवितां उन्हांत बसून राहणें कोणास साधणार? पुढें दोनचार वर्षांतच अधिक प्रकाश घेणारीं भिंगें व अधिक जलद औषधें निघालीं आणि हा काळ मिनिटाच्या आंत आला. तरी तेवढ्या वेळांतहि मान हलली तर तोंडाच्या जागीं नुसता धुरकट डाग दिसे. सबब फोटोवाल्यांनीं एक लोखंडी खांब तयार करविला. तो माणसाच्या पाठीमागें उभा करीत, आणि त्याच्या टोंकास असलेल्या चिमट्यांत डोक्याची मागची बाजू घट्ट बसवीत. मोठमोठे सरदार, सेनापति, विद्वान् आणि श्रीमंत स्त्रिया, सर्वजण त्या लोखंडाच्या आधारानें ताठ उभे राहिले आहेत. खांब दिसूं नये अशी खटपट केलेली असे. तथापि जुनें चित्र नीट न्याहाळलें तर पुष्कळदां बुटांच्या मागें त्या खांबाचें बूड दिसतें.

तान्ह्या मुलांची गोष्ट तर याहून मौजेची. मूल कांहीं लोखंडाच्या चिमट्यांत बसत नाहीं. त्यास आईची मांडीच पाहिजे. म्हणून आईस खुर्चीवर बसवून तिच्या अंगावरून, डोक्यापासून पायांपर्यंत, जाड कापड किंवा गालिचा टाकीत, आणि तिच्या मांडीवर मूल ठेवीत. चित्रांत मूल एका उंच आसनावर विराजमान झालेलें दिसे. तें आसन म्हणजे त्याची आई. अशीं पुष्कळ चित्रें आज उपलब्ध आहेत, आणि तीं पाहतांना हंसूं येतें व वाईटहि वाटतें. जिच्यावांचून तें मूल एक क्षण बसूं शकलें नसतें, तिचेंच तोंड झांकलेलें! आधार द्यावा, पण आधार दिसूं नये, हा त्या काळच्या स्टुडिओचा न लिहिलेला नियम होता.

दुसरी अडचण जिन्याची. विजेचे दिवे निघण्यापूर्वीं फोटोवाल्याची सर्व भिस्त सूर्यावर असे. यास्तव त्याचें दुकान इमारतीच्या अगदीं वरच्या मजल्यावर, कांचेच्या छपराखालीं असावयाचें. लंडन शहरांत रिचर्ड बिअर्ड यानें मार्च १८४१ मध्यें लोकांचे फोटो घेण्याचा जो पहिला स्टुडिओ काढला, तो रीजंट स्ट्रीटवरील रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनच्या छपरावर होता. पुढें मोठमोठ्या शहरांतून असेच उंचावरचे कांचेचे स्टुडिओ निघाले. ज्याचे पाय चालत होते तो धापा टाकीत का होईना, पण वर जाऊन पोहोंचे. ज्याचे चालत नव्हते, त्यास कोणीं तरी उचलून नेल्यावांचून गत्यंतर नव्हतें. शुभवर्तमानांतील ते चौघे जण वाचकांस आठवतील, ज्यांनीं आपल्या पक्षाघाती मित्रास कफर्णहूम येथें छप्पर उघडून प्रभूपुढें उतरविलें. तेथें एका माणसासाठीं छप्पर उघडलें गेलें. येथें उजेडासाठीं छप्पर उघडलें, आणि तो माणूस खालीं रस्त्यावरच राहिला.

अधू माणसांचे फोटो त्या काळीं मुळींच घेतले गेले नाहींत, असें मात्र नव्हे. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत जें यादवी युद्ध झालें, त्यांत हजारों शिपायांचे हातपाय कापावे लागले. वॉशिंग्टन येथील हेअरवुड इस्पितळांतील शस्त्रवैद्य रीड बॉन्टेकू यानें अशा जखमी शिपायांचीं पुष्कळ छायाचित्रें घेतलीं, आणि वैद्यकीय अभ्यासास त्यांचा मोठा उपयोग झाला. परंतु त्या चित्रांत शिपाई बहुधा एकटाच आहे. त्याची जखम दिसते, तुटलेला पाय दिसतो. त्याची बायको, मुलें, आई दिसत नाहींत. हीं चित्रें इस्पितळाच्या दप्तरासाठीं होतीं. कुटुंबाच्या भिंतीवर लावण्याचें चित्र निराळें. एकांत माणूस रोगाचा नमुना होतो, दुसऱ्यांत तो कोणाचा तरी बाप, भाऊ वा मुलगा असतो. खुर्चींत बसणाऱ्या माणसास पहिल्या प्रकारच्या चित्रांत जागा सहज मिळाली. दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत ती मिळण्यास फार काळ लागला.

आमच्या इकडे ही कला फार उशीरां आली असें नाहीं. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. त्या पुढच्या काळांत येथेंहि स्टुडिओ निघाले, आणि रंगविलेले पडदे, कोरीव खुर्च्या, फुलदाण्या हा सर्व विलायती सरंजाम त्यांत आला. परंतु या देशांतील एक उदाहरण आम्हांस विशेष बोधप्रद वाटलें. राजा दीनदयाळ हे नामांकित छायाचित्रकार. त्यांनीं १८९६ सालीं मुंबईसहि स्टुडिओ काढला होता. त्यांच्या हैदराबादच्या व्यवसायांत अशी अडचण आली कीं, पडद्यांत राहणाऱ्या स्त्रिया परपुरुषापुढें येऊं शकत नसत. त्यांचे पाय शाबूत होते, पण स्टुडिओची वाट त्यांस बंद होती. दीनदयाळांनीं त्या स्त्रियांस रीत मोडावयास सांगितलें नाहीं. त्यांनीं १८९२ सालीं खास स्त्रियांसाठीं निराळा स्टुडिओ काढला, आणि त्याचें काम एका इंग्रज बाईकडे सोंपविलें. गिऱ्हाईक येऊं शकत नाहीं तर मांडणी बदलावी, ही ती युक्ति. अडचण माणसांत नसून मांडणींत आहे, हें एकदां ध्यानांत आलें कीं पुढची वाट आपोआप सुचते.

ती वाट मोकळी होण्यास आणखी एक कारण घडलें, तें रसायनशास्त्राचें. १८५१ सालीं आर्चर यानें कांचेवर फोटो घेण्याची जी रीति काढली, तिच्यांत कांचेवरील लेप ओला आहे तोंवरच फोटो घेऊन तो धुवावा लागे. म्हणजे कोणाच्या घरीं जाऊन फोटो घ्यावयाचा तर अंधारी खोलीच तंबूच्या रूपानें बरोबर न्यावी लागे. १८७१ सालीं मॅडॉक्स यानें कोरड्या कांचेची रीति सुचविली, आणि पुढील दहाएक वर्षांत अशा तयार कांचा बाजारांत मिळूं लागल्या. १८८८ सालीं ईस्टमन यानें कोडॅक कॅमेरा काढला; १९०० सालीं त्याच्याच कंपनीचा ब्राउनी कॅमेरा अवघ्या एका डॉलरला मिळूं लागला. आतां माणसानें कॅमेऱ्याकडे जाण्याऐवजीं कॅमेरा माणसाकडे येऊं लागला. जिना चढण्याची सक्ति उरली नाहीं. आजारी माणूस घरीं होता, आणि कॅमेराहि घरीं आला.

या नव्या सोयीचें फळ काय झालें, हें पाहण्यास एक कुटुंब आम्हां कॅथलिकांच्या चांगलें ओळखीचें आहे. बाळ येशूची संत तेरेजा हिचे वडील लुई मार्टिन हे फ्रान्समधील घड्याळजी. पत्नी झेली १८७७ सालीं वारल्यावर पांच मुलींस घेऊन ते लिझ्यू गांवीं येऊन राहिले. १८८७ सालीं त्यांस पक्षाघाताचा पहिला झटका आला. पुढें स्मृति व बुद्धीवरहि परिणाम होऊन, १८८९ च्या फेब्रुवारींत त्यांस जवळच्या एका मोठ्या शहरांतील मनोरुग्णालयांत ठेवावें लागलें. तेथें त्यांचीं तीन वर्षांहून अधिक गेलीं. मे १८९२ मध्यें त्यांस घरीं आणलें, तेव्हां त्यांचे पाय गेले होते. इकडून तिकडे नेण्यास चाकांची खुर्ची लागे. घरीं आल्यावर दोनच दिवसांनीं त्यांस कार्मेल मठांत नेऊन तेथील तीन मुलींची भेट करविली. ती त्यांची शेवटची भेट.

त्याच १८९२ सालचें एक छायाचित्र उपलब्ध आहे. तें स्टुडिओंतील नव्हे, घरच्या आवारांतील आहे. लुई मार्टिन चाकांच्या खुर्चींत बसले आहेत. भोंवतीं घरचीं माणसें आहेत, घरांत कामास असलेलीं माणसें आहेत, घरचा कुत्राहि आहे. खुर्ची लपविलेली नाहीं. बाप आजारी आहे हें दिसतें, आणि तो घरांतला मोठा माणूस आहे हेंहि दिसतें. आम्हीं हें चित्र पुन्हां पुन्हां पाहिलें. त्या काळीं मनोरुग्णालयांतून घरीं आलेल्या माणसाविषयीं लोक काय काय बोलत असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी. असा माणूस खोलींत ठेवून बाकीच्यांनीं फोटो काढविला असता तर कोणीं नांवें ठेवलीं नसतीं. या कुटुंबानें तसें केलें नाहीं. २९ जुलै १८९४ रोजीं लुई मार्टिन वारले. १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस व झेलीस एकत्रच संतपद दिलें. कुटुंबानें खुर्चींतील बापास चित्रांत घेतलें, त्या वेळीं तो संत आहे हें कोणास ठाऊक नव्हतें. तो बाप आहे, एवढेंच कारण त्यांस पुरेसें झालें.

त्या खुर्चीची कथा येथें संपत नाहीं. बापाच्या मृत्यूनंतर मुलगी सेलीन त्याच वर्षीं कार्मेल मठांत गेली, आणि तिनें आपला कॅमेराहि बरोबर नेला. पुढें तेरेजेस क्षयरोग जडला. १८९७ च्या उन्हाळ्यांत तिला चालवेनासें झालें, तेव्हां बापाचीच ती खुर्ची तिच्या उपयोगीं पडली; मठाच्या बागेंत झाडांच्या सावलींत त्या खुर्चींत बसून तिनें आपल्या आत्मकथेचा शेवटचा भाग लिहिला. आणखी थोड्या दिवसांनीं तिला बसवेनाहि. ३० ऑगस्ट १८९७ रोजीं तिचा पलंग मठाच्या ओवरींत आणला, आणि सेलीननें त्या पलंगावरील तेरेजेचें छायाचित्र घेतलें. त्यानंतर बरोबर एका महिन्यानें, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, ती देवाघरीं गेली. सख्ख्या बहिणीनें, रोजच्या ओळखीच्या जागीं, पलंगाजवळ कॅमेरा नेऊन घेतलेलें हें चित्र आहे. अंथरुणास खिळलेल्या माणसाचें कुटुंबानें घेतलेलें चित्र कसें असावें, याचा यापेक्षां चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. याच सेलीननें पुढें तेरेजेचीं चित्रें हातानें रंगवून, सुधारून प्रसृत केलीं. भक्तांस अधिक गोंडस, अधिक सौम्य चेहरा दाखवावा अशी तिची भावना. कित्येक वर्षें जगभर घरोघर पूजिलीं गेलीं तीं हींच चित्रें. मूळ छायाचित्रें, हात न लावलेलीं, १९६१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. तेव्हां लोकांस थकलेली, पण खंबीर अशी खरी तेरेजा दिसली, आणि ती अनेकांस अधिकच जवळची वाटली. प्रेमानेंहि माणूस झांकला जाऊं शकतो, हें त्यावरून कळतें. मुलावर गालिचा टाकला नव्हता, आईवर टाकला होता. येथें गालिच्याचें काम कुंचल्यानें केलें.

याच्या अगदीं उलट उदाहरण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचें. फ्रँकलिन रूझवेल्ट यांस १९२१ सालीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, एक आजार झाला. तो पोलिओ मानला गेला, आणि त्यांचे दोन्ही पाय निकामी झाले. १९३३ पासून १९४५ पर्यंत ते राष्ट्राध्यक्ष होते. पायांस पोलादी पट्ट्या बांधून, मुलाच्या वा मदतनिसाच्या दंडाचा आधार घेऊन ते लोकांपुढें उभे राहत. खुर्चींत असतांना त्यांचा फोटो घेऊं नये असा दंडक असे, आणि कोणी घेऊं लागल्यास पहारेकरी आडवे येत. मतदारांस दुर्बळ माणूस चालणार नाहीं ही भीति त्यामागें होती, आणि त्या काळीं ती खोटीहि नसेल. परिणाम असा कीं, हजारों फोटो निघालेल्या या पुरुषाचीं चाकांच्या खुर्चींतील चित्रें अगदीं बोटांवर मोजण्याइतकीं आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र फेब्रुवारी १९४१ चें. हाइड पार्क येथील त्यांच्या लहानशा घराच्या ओसरीवर ते खुर्चींत बसले आहेत, मांडीवर त्यांचा कुत्रा आहे, शेजारीं एक लहान मुलगी उभी आहे. तें चित्र वर्तमानपत्राच्या माणसानें घेतलें नाहीं. मार्गारेट सक्ली या त्यांच्या दूरच्या नात्यांतील बाईंनीं घेतलें. जगापुढें खुर्ची लपली, घरच्या कॅमेऱ्यापुढें ती लपली नाहीं. १९९७ सालीं वॉशिंग्टन येथें त्यांचें मोठें स्मारक खुलें झालें, तेव्हां त्यांत खुर्ची स्पष्ट दिसत नाहीं म्हणून अधू लोकांनीं तक्रार केली. आणि २००१ सालीं चाकांच्या खुर्चींत बसलेल्या रूझवेल्ट यांचा पुतळा तेथें बसविण्यांत आला.

कुटुंबाकडून समाजाकडे वळावयाचें तर लूर्दची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. १८५८ सालीं बर्नादेत्त हिला तेथें पवित्र मातेचें दर्शन झालें. पुढें आजाऱ्यांच्या यात्रा सुरू झाल्या, आणि १८८५ सालीं त्यांची सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांचा संघ स्थापन झाला. तेथील जपमाळेच्या देवळाच्या दोन्ही बाजूंनीं वरच्या देवळाकडे जाणारे दोन मोठे वळणदार उतार आहेत. चाकांची गाडी त्यांवरून वर नेतां येते. आमच्यापैकीं जे यात्रेस गेले आहेत, त्यांनीं तेथील समूह-छायाचित्रेंहि पाहिलीं असतील. त्यांत खुर्चींतले आजारी पुढच्या रांगेंत असतात, आणि धडधाकट यात्रेकरू त्यांच्या मागें उभे असतात. आजाऱ्यांस वाट देणें हा तेथें उपकार समजला जात नाहीं, ती तेथील रीतच आहे. रोममध्येंहि १९७८ पर्यंत पोपना खुर्चींत बसवून ती खुर्ची माणसांच्या खांद्यांवरून नेण्याची प्रथा होती, आणि तो मोठा मान समजला जाई. पुढें ५ मे २०२२ पासून पोप फ्रान्सिस गुडघ्याच्या दुखण्यामुळें लोकांपुढें चाकांच्या खुर्चींत येऊं लागले, आणि २०२५ सालीं ते वारले तोंवर त्यांचीं तशीं असंख्य चित्रें जगानें पाहिलीं. पोपनें खुर्चींत बसलेलें चालतें, मग आपल्या आजीनें बसलेलें कां चालूं नये?

हा प्रश्न आम्हीं दुसऱ्यांस विचारण्यापूर्वीं आम्हांसच विचारणें भाग पडलें. या स्मरणिकेसाठीं मंडळाचें व जुन्या सेवकांचें छायाचित्र घ्यावयाचें ठरलें, तेव्हां आम्हींहि विचार न करतां सर्वांस देवळाच्या पायऱ्यांवर उभें केलें. फोटो झाला, लोक पांगले, आणि मग आमचें लक्ष खालीं गेलें. धर्मशिक्षणाच्या वर्गांत आमच्यापैकीं अर्ध्याअधिकांस ज्यांनीं शिकविलें, ते वृद्ध मास्तर आपल्या चाकांच्या खुर्चींत झाडाखालीं बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर फोटोंतील मंडळींच्या छत्र्या व पिशव्या होत्या. एकानें विचारलें, "मास्तर, तुम्ही फोटोंत कां आलां नाहीं?" ते म्हणाले, "बाबांनो, फोटो वर होता." एवढेंच बोलून त्यांनीं ज्याच्या त्याच्या पिशव्या परत दिल्या. त्या रात्रीं आमच्यापैकीं कित्येकांस झोंप लागली नाहीं. इतका इतिहास वाचून आम्ही स्वतः तोच जिना बांधून बसलों होतों.

पुढच्या रविवारीं तें छायाचित्र पुन्हां घेतलें. या वेळीं आम्हीं पायऱ्या सोडून खालच्या सपाट फरशीवर जागा धरली. प्रथम मास्तरांस विचारलें कीं, आपल्याच खुर्चींत बसणार, कीं साध्या बांकावर? कारण हें ठरविण्याचा हक्क त्यांचा. कोणास खुर्ची दिसलेली आवडते, कोणास नाहीं. ते म्हणाले, आपलीच खुर्ची बरी. मग ती मध्यें ठेवून दोन्ही बाजूंस बांकें मांडलीं, म्हणजे शेजारचीं माणसेंहि त्यांच्याच उंचीवर आलीं. फोटोवाल्यानें कॅमेरा बसलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरविला. उभ्या माणसाच्या उंचीवरून फोटो घेतला तर बसलेला मनुष्य उगीच खुजा दिसतो. खुर्चीच्या दांड्यावर कोणीं हात टेकला नाहीं कीं पिशवी अडकविली नाहीं, आणि न विचारतां कोणीं ती ढकलली नाहीं. कारण ती त्यांचे पाय आहेत. वृद्धांस थकवा लवकर येतो, म्हणून हें चित्र सर्वांत आधीं घेतलें. एवढ्या सर्वास पंधरा मिनिटेंहि लागलीं नाहींत. तें छायाचित्र वाचकांस या स्मरणिकेंत पाहावयास मिळेल.

ज्यांस अंथरुणांतून उठवत नाहीं, त्यांच्यासाठीं तर याहूनहि सोपें आहे. आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे. खाट खिडकीच्या बाजूस वळवावी, उजेड तोंडावर येऊं द्यावा, उशीचा टेका द्यावा, आणि मुलांनीं, सुनांनीं, नातवांनीं खाटेच्या कडेस बसावें. हात हातांत घ्यावा. औषधाच्या बाटल्या दूर ठेवावयाच्या असतील तर ठेवाव्या. पण माणूस दूर ठेवूं नये. आणि चित्राखालीं नांवें लिहितांना त्याचें नांव विसरूं नये. नातवंडांस पुढें जें कांहीं कळेल तें या चित्रांवरूनच कळणार आहे.

वाचकहो, लोखंडी खांबाशिवाय उभा राहिलेला माणूस पहिल्या छायाचित्रांत क्वचितच होता, हें आम्हीं वर सांगितलें. आजहि कोणी आधाराशिवाय उभा नाहीं. कोणाचा आधार दिसतो, कोणाचा दिसत नाहीं, एवढाच फरक. या धर्मग्रामाचा पुढील महोत्सव येईल तेव्हां आज पायऱ्यांवर सहज चढणाऱ्यांपैकीं कित्येक जण काठी टेकीत किंवा खुर्चींत बसून येतील, आणि कित्येक येणारहि नाहींत. ज्यांनीं आम्हांस चालावयास शिकविलें, त्यांस चालतां येईनासें झालें म्हणून त्यांस चित्राबाहेर ठेवण्याचें पाप आमच्या हातून पुन्हां न घडो. या महोत्सवाच्या वर्षांत प्रत्येक घरानें एक तरी छायाचित्र असें घ्यावें, ज्यांत घरचें कोणीहि सुटलेलें नाहीं, अशी आमची सर्वांस नम्र विनंति आहे. तें काम उद्यांवर टाकूं नये. खाटेवरचें माणूस उद्यां असेलच असें नाहीं.